घरी तोंड दाखवायला

बबनभाऊ कम्प्युटरला 'अवो' म्हणतात, आमच्याकडं बायकोला हाक मारतात तसं. "अवो, थांब नं जराशी." "अवो, पुन्हा मारली काय?" भिंतीपलीकडून हे ऐकू आलं की आमच्या अमरावतीच्या गल्लीत आलेला पाहुणा दचकतो, कारण भाऊ एकटेच राहतात.

शाळेत कम्प्युटर शिकवून रिटायर झालेला हा माणूस आता बॉट लिहितो. बॉट म्हणजे आपल्या डोक्यानं खेळणारा प्रोग्राम. एकदा सुरू केला की माणसानं हात लावायचा नाही. यंदा अकोल्याच्या एका कॉलेजात बॉटांची आपसात स्पर्धा होती आणि खेळ होता अष्टाचंगा: कवड्या टाकायच्या आणि दुसऱ्याच्या सोंगट्या मारत आपल्या मधल्या घरात न्यायच्या.

अष्टाचंग्यात मी स्वतःला मोठी उस्ताद समजत असे. तरुणपणी भाऊंच्या ओसरीवर आमचा डाव पडायचा: भाऊ, त्यांची बायको सुमन आणि मी. हरू लागले की मी पदराच्या झटक्यानं सोंगट्या उधळायची आणि वर म्हणायची, "वारं सुटलं वाटते." सुमनची तऱ्हाच न्यारी. स्वतःची सोंगटी घराच्या दारात उभी असली तरी ती तशीच सोडून नवऱ्याची सोंगटी मारायला धावायची. जिंकण्यापेक्षा तिला त्यांचं पडलेलं तोंड पाहायची हौस.

अकोल्याला निघताना मी विचारलं, "भाऊ, तुमच्या बॉटले पदर देला का?"

"मजाक नका करू, वयनी. हारलो तं घरी तोंड दाखवाची सोय नाई."

"घरी कोन बसलं हाय पाहाले?"

भाऊंनी पिशवी उचलली. मीही सोबत गेले, फजिती पाहायला.

कॉलेजच्या दारावरची पोरगी म्हणाली, "आजोबा, पालकांनी मागे बसायचं."

"बेटा, मीच खेळून राहिलो," भाऊ म्हणाले.

पोरांचे बॉट मोठे हिशेबी. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही, म्हणून तिथंच दबा धरून बसत. भाऊंचा बॉट मात्र मागून कोण येतंय हे पाठीला डोळे असल्यासारखं ओळखायचा आणि निसटायचा. एकेक पोरगं गार झालं. फायनलला त्याची शेवटची सोंगटी समोरच्याच्या नाकाखालून घरात शिरली आणि अख्खा हॉल उभा राहिला. मी कवळी सांभाळत शिट्टी मारली.

"काका, एवढी प्रॅक्टिस कोणासोबत केली?" पोरं विचारू लागली.

"हाय एक घरी. तिच्यासंगं मी अजून जितलो नाई."

अमरावतीला परतल्यावर भाऊंनी चपला काढायच्या आधी कम्प्युटर लावला. "अवो, जितलो आमी." जिंकलेल्या बॉटासमोर त्यांनी घरचा दुसरा बॉट बसवला. मीही खुर्ची ओढली.

डाव रंगला. घरच्या बॉटची एक सोंगटी घराच्या दारात उभी होती. एक पाऊल टाकलं असतं तर आत. पण तिला तिथंच सोडून त्याची दुसरी सोंगटी मागून धावत आली आणि अकोल्याच्या विजेत्याला तिनं उडवलं.

ही चाल मी ओळखली. माझा हात पदराकडं गेला. डाव उधळायचा नव्हता या वेळी.

भाऊ अकोल्यात हसले नव्हते इतके हसत होते. "पाहा वयनी," ते म्हणाले, "आजच्या दिवशी तरी सोडते का मले?"