सोळा पॅडांवरचा संताप

मेहुणा "मी वाजवतो की!" असं म्हणाला नसता, तर स्टोअरकीपरांनी जन्मात ड्रम पॅड घेतला नसता. लेकीने कॉलेजच्या स्पर्धेसाठी गाणं केलं होतं. चाल तिची, गळा तिचा; ठेका तेवढा हवा होता, आणि सोमवारी सकाळी गाणं पाठवायचं होतं. मामाचं नाव निघताच स्टोअरकीपरांच्या डोक्यात तिडीक गेली. बाप धडधाकट असताना मामाचा ठेका?

"मी वाजवणार!" ते गरजले. (अनुभव दांडगा होता. कचेरीतल्या टेबलावर त्यांनी बावीस वर्षं बोटं बडवली होती आणि त्यापायी तिघांनी आपल्या खुर्च्या दुसऱ्या खोलीत हलवल्या होत्या.)

"मग बोटांनी ठेका वाजवायचा छोटा ड्रम पॅड आणा, बाबा," लेक म्हणाली. "कॉम्पॅक्ट."

खरेदी म्हटली की स्टोअरकीपर आधी तक्ता करत. तीन दुकानं पालथी घालून त्यांनी लांबी, रुंदी, जाडी, वजन, पॅडांची संख्या असे रकाने भरले आणि सगळ्यांत लहान नग निवडला. पॅड सोळा, आणि अख्खा नग डब्याच्या पिशवीत मावणारा. दुकानदार काही सांगायला गेला, तर "मला शिकवू नका!" म्हणून त्याला गप्प केलं.

रविवारी सकाळी लेक माइक मांडून अंघोळीला गेली होती. स्टोअरकीपरांनी खोका फोडला, नग टेबलावर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि पहिला पॅड ठोकला.

ढिम्म.

दुसरा ठोकला. सगळे सोळा ठोकले. उलटा करून झटकला.

"अहो, सेल घातलेत का?" बायकोने विचारलं.

"याला सेल लागत नाहीत!"

"मग काय लागतं?"

ते ठाऊक नसल्यामुळे ते तिच्यावरच खेकसले आणि दुकानदाराला फोन लावला.

"काका, तो कंट्रोलर आहे. त्याला स्वतःचा आवाज नसतो. कॉम्प्युटरला जोडायचा, हवा तो आवाज एकेका पॅडवर बसवायचा, मग वाजतो."

"हे आधी सांगायला तुमची दातखीळ बसली होती?"

"तुम्ही फक्त लांबी-रुंदी विचारलीत, काका."

झालं! स्टोअरकीपरांचा तोल सुटला. "काय फसवणूक आहे!" म्हणत त्यांनी टेबलावर मूठ आपटली. कपाटाचं दार धाडकन लावलं. बायको पदराआड हसताना दिसली, तेव्हा तर त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. "या घरात माझं कुणी ऐकतच नाही!" ते ओरडले आणि चप्पल घालून तरातरा बाहेर पडले.

तासाभराने परतले तर आतून ठेका ऐकू येत होता. धप, धाड, धप-धप, "काय फसवणूक!", धाड!

माइक चालूच राहिला होता आणि सकाळचा सगळा दंगा त्यात टिपला गेला होता. लेकीने टेबलावरची मूठ एका पॅडवर बसवली होती, कपाट दुसऱ्यावर, बापाचं ओरडणं तिसऱ्या-चौथ्यावर. आणि वाजवत कोण होता? मेहुणा!

"दाजी, काय आवाज दिलाय!" तो म्हणाला.

"ऊठ तिथून! आवाज माझा आहे, मीच वाजवणार!"

मेहुणा निमूटपणे उठला. स्टोअरकीपर बसले. पण पॅड पडले कॉम्पॅक्ट आणि बोटं होती गठ्ठे बांधून जाड झालेली. एक दाबायला जावं तर शेजारचे दोन दबत. मूठ, कपाट आणि फसवणूक एकदमच निघे. पाच वेळा वाजवलं, पाचही वेळा लेकीने डोळे मिटून घेतले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "उद्या सकाळी पाठवायचंय हो."

त्यांना ते झोंबलं. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. ते उठले. मेहुणा बसला आणि सफाईने वाजवू लागला. गाणं असं काही रंगलं, की बायकोनेही दाराशी मान डोलवली. तेही स्टोअरकीपरांना सहन होईना. निदान दोन शब्द सुनावावेत म्हणून त्यांनी तोंड उघडलं. नेमका मेहुण्याने चौथा पॅड दाबला.

"या घरात माझं कुणी ऐकतच नाही!" स्पीकर कडाडला.

"अरे, पण मी काय म्हणतोय..." स्टोअरकीपर म्हणाले.

"श्श!" तिघंही एकदम ओरडली. "ऐकू द्या की!"