बादशाची चतुर्थी

आमच्या मलकपेठच्या बिल्डिंगमध्ये संकष्टीचा उपवास कडक पाळणारा एकच जीव होता, आणि तो कुत्रा होता. वरच्या मजल्यावरच्या कंधारकर काकांचा बादशा. महिन्यातून एकदा, चतुर्थीच्या दिवशी, त्याला दिवसभर फक्त शिजवलेला क्विनोआ मिळायचा. चंद्र दिसल्याशिवाय वरणभाताचं नाव नाही. नवीन आलेला वॉचमन यादगिरी हे ऐकून मला हळूच विचारून गेला, "मॅडम, कुक्काला पण उपवासम असतंय का?" मी म्हटलं, "सगळ्यांना नाही. याला असतो."

काका जमाबंदीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी तपासल्या आणि निवृत्तीनंतर तीच नजर आमच्याकडे वळवली. जिन्यात कोणाची कुंडी वीतभर पुढे आली तरी ते थांबायचे. "बात उसूलाची आहे, बाई," असं मला सांगायचे. मी शाळेत शिकवते म्हणून मी त्यांची बाई. दूधवाला उशिरा आला की दूध परत पाठवायचे आणि दिवसभर बिनदुधाचा चहा पीत तोंड वाकडं करायचे. या उसूलांपायी नातेवाईक एकेक करून तुटले. मूलबाळ नव्हतंच.

होत्या त्या काकू. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा काकूंनी त्यांच्या आयुष्यासाठी संकष्टी धरली. बादशा तेव्हा गल्लीतून नुकतंच घरात आलेलं पिल्लू होतं. काकू उपवासाची भगर खायला बसल्या की तो शेजारी बसायचा, आणि अर्धी भगर त्याची व्हायची. त्या दिवशी काका एकटेच पोळीभाजी खायचे आणि "मेरे वास्ते उपवास, और मैंच अकेला," असं कुरकुरायचे. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मग एका सकाळी काकू झोपेतून उठल्याच नाहीत. आजार नाही, काही नाही. ज्यांच्या आयुष्यासाठी व्रत होतं ते काका राहिले आणि व्रत करणारी गेली. तेराव्याला आलेल्या कोणीतरी सुचवलं, उद्यापन करून टाका, म्हणजे सुटलात. काका म्हणाले, "उद्यापन म्हणजे फाइल बंद. फाइल बंद नाही करायची." पण त्यांना स्वतःला साखरेमुळे उपाशी राहायला डॉक्टरांची मनाई. त्यांनी त्यावरही कचेरीच्या पद्धतीने निकाल काढला. घरात उपवास करणारे दोघं होते, त्यातलं एक गेलं, दुसरं हजर आहे. काम पुढे चालू.

आम्ही हसलो. मीही हसले, आणि पोटभर हसले.

पुढे शेंगदाण्याचं कूट आणि साबुदाणा खाऊन बादशाचं पोट बिघडलं. कुत्र्यांच्या डॉक्टरणीने सांगितलं, हे सगळं बंद, त्यापेक्षा थोडा क्विनोआ द्या, पचेल आणि वजनही आवरेल. काकांना पचनाची नाही, वेगळीच काळजी पडली. हे धान्य आहे का? धान्य असेल तर उपवास मोडतो. ते सुलतान बाजारातल्या गुरुजींकडे गेले. क्विनोआ राजगिऱ्याच्या कुळातला आहे हे त्यांनी मोबाइलवर दाखवलं. गुरुजी म्हणाले, मग चालेल, पण उपवास कोणाचा? काका म्हणाले, "घरातल्या धाकट्याचा."

अफझलगंजच्या दुकानातही मी एकदा त्यांच्यासोबत होते. दुकानदाराने विचारलं, "शुगर है क्या चाचा?" काका म्हणाले, "मेरे कू है. ये कुत्ते कू." तो माणूस पुडी बांधता बांधता थांबला. "हमारे अब्बा कू बी नै मिलता ये," म्हणाला. काकांनी त्यालाही उसूल समजावून सांगितला.

क्विनोआ ते स्वतः धुवायचे. कडू असतो म्हणून फेस जाईपर्यंत चोळून धुवायचा, दाण्याला पांढरी शेपटी सुटेपर्यंत मऊ शिजवायचा, मीठ नाही, कांदा-लसूण नाही. कुत्र्याला आणि उपवासाला जे वर्ज्य तेच नेमकं जुळलं, याचं त्यांना फार समाधान होतं. कॅलेंडरात चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात, पण त्यांचा त्यावर विश्वास नसायचा. गच्चीवर जाऊन, चंद्र डोळ्यांनी बघून, मगच भात.

गेल्या उन्हाळ्यात बादशा थकला. डोळ्यांवर पडदा आला, मागचे पाय ओढायला लागला, खाणं जवळजवळ सुटलं. डॉक्टरीण म्हणाली, वय झालंय, जे खाईल ते द्या. आणि नेमकी चतुर्थी आली. संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली. काका रिकामी वाटी घेऊन उभे होते.

"बाई, तुमच्याकडे भात आहे का? क्विनोआ सकाळपासून ठेवतोय, तो त्याला तोंड लावत नाही. मला कुकर लावायला सुचेना."

भात होता. मी तो दुधात मऊ कालवला आणि वर गेले. तोंडाला सवय वाईट, मी म्हणून गेले, "काका, चंद्र?" लगेच जीभ चावली.

"चंद्राला राहू द्या," काका म्हणाले.

ते फरशीवर बसले, गुडघे दुखतात म्हणून भिंतीला धरून. बोटांवर भात घेऊन त्यांनी बादशाच्या नाकाशी धरला. तो आधी नुसता हुंगत राहिला, मग चाटला, मग खाल्ला. चार घास गेले असतील. पुढच्या चतुर्थीला तो नव्हता, म्हणून त्या चार घासांचं मला अजून बरं वाटतं.

हात पुसायचं सोडून काका तसेच बसून होते. "बाई, तिनं माझं आयुष्य मागितलं," ते म्हणाले. "मिळालं. सोबत मागायची राहूनच गेली बघा."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी विचारलं, "तुम्ही काही खाल्लंत का?"

"नाही. त्यानं खाल्लं ना. आता आजची चतुर्थी मी धरतो, त्याच्यासाठी."

"आणि साखर?"

"उपवासाला चालतं ते खातो की."

ओट्यावर क्विनोआचं पातेलं होतं, तेवढं त्यांनी मला आणून द्यायला लावलं. चमच्याने दोन घास खाल्ले. बराच वेळ चावत राहिले. इतके दिवस स्वतः शिजवला होता, पण चव त्यांनी कधी घेतली नव्हती.

"एकदम फिक्कं आहे हो हे," काका म्हणाले. बादशा त्यांच्या मांडीला टेकून झोपला होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आणि हा कधी काही बोलला नाही."