सहा आकड्यांचा पहारा

घड्याळजींच्या डोळ्यावरचं भिंग टपकन टेबलावर पडलं, तेव्हाच भोंग्याने ओळखलं, की बाजार आपटला. भोंगा म्हणजे घड्याळजींची लेक. आवाजावरून पडलेलं हे नाव ती पदवीसारखं मिरवायची. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना बाबांचा हात कधी हलला नव्हता. पण मोबाइलवरची लाल रेघ घसरली, की तोच हात 'विका'च्या बटणाकडे धावायचा.

"गेलं! तुझं कॉलेज गेलं!" बाबा ओरडले. तिच्या चित्रकलेच्या कॉलेजसाठी साठवलेली सगळी पुंजी शेअर्समध्ये होती. "आत्ताच्या आत्ता विकतो! तुझे दोन आकडे सांग."

आकड्यांची भानगड अशी. मागच्या पडझडीत बाबांनी घाबरून सगळं विकलं आणि आठवड्याभरात भाव परत चढले. तेव्हा त्यांनी खात्याचा सहा आकडी पासवर्ड तिघांत वाटून टाकला. दोन आकडे आईचे, दोन लेकीचे, दोन स्वतःचे. एकाने टाकताना बाकीच्यांनी डोळे मिटायचे. वर बजावलं होतं, "मी पाया पडलो तरी देऊ नका!"

आता ते खरंच वाकायला लागले.

"बाबा, काय हे! तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"तेव्हा मी शहाणा होतो! आता वेड लागलंय. दे!"

भोंग्याचा जीव वरखाली झाला. कॉलेज तिचं, घाम मात्र बाबांना फुटलेला. नाही म्हणावं, तर हा माणूस आज जेवायचा नाही.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. खरे होते सत्तेचाळीस. जन्मात पहिल्यांदाच ती इतकं हळू बोलली.

दुकानामागच्या घरातून आई ओले हात झटकत आली. "माझे एकतीस. घ्या, आणि विका एकदाचं काय ते!"

इतक्या सहज? भोंगा चाटच पडली. बाबाही क्षणभर दोघींकडे बघत राहिले. मग पाठ फिरवून त्यांनी आकडे दाबले. चूक. पुन्हा दाबले. चूक. तिसऱ्यांदा खातंच बंद, थेट उद्यापर्यंत! बाबा मटकन स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मं नुकसान भरून निघालं. समोरचे शिंपीकाका तोंड पाडून आले. "मी काल सगळं विकून बसलो हो!"

"चुकलात! मी तसूभर हललो नाही," बाबा छाती फुगवून म्हणाले. भोंग्याने ओठ चावून हसू दाबलं.

काका गेल्यावर बाबा गर्रकन वळले. "दात काय काढतेस? पाया पडलो तरी देऊ नका म्हटलं होतं, आणि दोघींनी पहिल्याच हाकेला ओकून टाकलंत! मी तर हबकलोच. शेवटी मलाच माझे आकडे चुकीचे टाकावे लागले. असला पहारा काय कामाचा? आजपासून सहाही आकडे माझ्याकडे!"

"ठेवा की," आई शांतपणे चहाचा कप पुढे सरकवत म्हणाली, "फक्त आधी आमचे खरे आकडे ओळखा."

यावर भोंगा अशी काही वाजली, की रस्त्यापलीकडे शिंपीकाकांची शिलाई वाकडी गेली.