पिपलानीच्या जिममधली कॅसेट

"मला काहीही चालतं" हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा बोललो आहे. भाजीच्या बाबतीत बोललो, पडद्यांच्या रंगाच्या बाबतीत बोललो. पण जिममध्ये बोलायला नको होतं.

मी भालचंद्र. भोपाळच्या पिपलानीत क्वार्टर, कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कारकून. आमच्या क्लबानं टेबल टेनिसच्या खोलीशेजारी जिम काढली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात नाव घातलं. (पँटचं बटण लागेना, हे खरं कारण. बायकोला, म्हणजे वसुधेला, मी 'शिस्त लागावी म्हणून' असं सांगितलं होतं.) खोलीत दोन बेंच, एक सायकल, डंबेल्स आणि खिडकीत एक टेपरेकॉर्डर. भांडण त्या टेपरेकॉर्डरवरूनच सुरू झालं.

एका बाजूला सदाशिवराव. मूळचे ग्वाल्हेरचे, फोर्ज शॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले, त्रेसष्टाव्या वर्षीही अंग कसं लोखंडासारखं. त्यांना भजन लागायचं. दुसऱ्या बाजूला डिझाइन ऑफिसातला सुरेश, जन्मानं भोपाळचा, वय चोवीस. त्याला पंजाबी ढणढण लागायची. सदाशिवरावांनी तीस वर्षं घणाच्या आवाजात काढलेली, त्यामुळे त्यांचं भजनही ढणढणच वाजायचं.

"अरे, ही काय गाणी? माणूस वजन उचलतोय का वरातीत चाललाय?"

"काका, यार, भजनावर डंबेल कसं उठणार? हात आपोआप जोडले जातात!"

हळूहळू दोन पार्ट्या पडल्या. एक जण कॅसेट लावायचा, दुसरा काढायचा. एकदा तर दोघांच्या ओढाताणीत भजनाची फीत बाहेर आली आणि सायकलच्या पेडलला गुंडाळली गेली. क्लबाचे मॅनेजर धावत आले.

"शनिवार तक आपस में निपटाओ," ते म्हणाले, "नहीं तो यहाँ कैरम लगवा देता हूँ."

आता निःपक्षपाती माणूस हवा. सुरेशनं सगळ्यांना विचारलं, "तुम्हाला कोणती गाणी पाहिजेत?" माझी पाळी आली आणि मी ते वाक्य बोललो. दोन्ही पार्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनाही पटेल अशी कॅसेट भरून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरच्या दोन खणी टेपरेकॉर्डरसमोर मांडी घातली. एक भजन, एक पंजाबी, पुन्हा एक भजन, असा माझा बेत. कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबलं, तेवढ्यात आतून वसुधेची हाक आली.

"अहो, उंदीर! कपाटामागे!"

"रेकॉर्डिंग चाललंय!"

"तुमचं रेकॉर्डिंग कुठं पळून जात नाही. उंदीर जाईल!"

मी उठलो. लोखंडी कपाट, आत सगळ्या घराचे कपडे. अर्धा तास झुंज दिली. परत आलो तेव्हा कॅसेट संपून बटण आपोआप वर आलेलं. मी समाधानानं ती बॅगेत टाकली. (दुसऱ्या खणातलं गाण्याचं बटण दाबायचं राहिलंय, आणि अशा वेळी हे यंत्र आसपासचेच आवाज टिपत बसतं, हे मला ठाऊक नव्हतं.)

शनिवारी सकाळी जिम गच्च भरलेली. मॅनेजरही आले होते. सुरेश बेंचवर आडवा होऊन बार धरून वाट बघत होता. मी ऐटीत कॅसेट अर्धीमुर्धी मागे फिरवून लावली. आधी नुसती खरखर आली आणि मग खोलीभर वसुधेचा आवाज घुमला.

"पाठ वाकवू नका! गुडघ्यात वाका. हं. आता श्वास घ्या... आणि उचला! उचला म्हणते ना!"

पाठोपाठ माझा केविलवाणा आवाज: "अगं, नाही होत."

"होतं! न व्हायला काय झालं? अजून एकदा!"

माझ्या पायांखालची फरशी सरकली. मी बटणाकडे झेपावलो, तर सदाशिवरावांनी मनगट पकडलं. (ते मनगट चार दिवस दुखत होतं.) "थांबा," ते म्हणाले. "तिकडे बघा."

सुरेशनं बार उचलला होता. गेले दोन आठवडे त्याच्याकडून हलत नव्हता तो बार. "अजून एकदा!" असं वसुधा म्हणाली आणि त्यानं तो परत उचलला. आता सगळेच कामाला लागले. ती "डावीकडून जोर लावा" म्हणाली की चौदा माणसं डावीकडून जोर लावत होती. ती "टेका आता दोन मिनिटं" म्हणाली आणि सगळी खोली मटकन बसली. शेवटी "तो बघा, झाडू आणा!" अशी किंकाळी आली, तेव्हा मराठीचं अक्षर न कळणारे मॅनेजरसुद्धा इकडेतिकडे काहीतरी शोधू लागले.

सदाशिवरावांनी कपाळाचा घाम पुसला. "तीस वर्षं फोर्ज शॉपमध्ये काढली," ते गंभीरपणे म्हणाले, "पण असा आवाज ऐकला नाही."

कॅरमचा विषय मागे पडला. रोज सकाळी तीच कॅसेट. वसुधेला मी अर्थातच काही बोललो नाही. पण महिन्याभरानं आम्ही दोघं बाजारात कोथिंबीर घेत असताना एक आडदांड वेल्डर समोर आला. मला नावानं हाक मारली, भाव करणाऱ्या वसुधेचा आवाज ऐकला, एकदम तिला हात जोडले आणि दंड फुगवून दाखवला.

"मैडम, आपकी कैसेट से मेरा डोला दो इंच बढ़ गया!"

वसुधेनं माझ्याकडे पाहिलं. "कसली कॅसेट?"

मी कोथिंबिरीच्या गाडीशीच सगळं कबूल केलं. ती कोथिंबिरीची जुडी उचलून तरातरा घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ती माझ्याबरोबर जिमच्या दारात उभी. चौदा माणसं शाळेतल्यासारखी सरळ उभी राहिली. (ती टाउनशिपच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळते. मुलं साठ.) तिनं हाताची घडी घालून सबंध कॅसेट ऐकली. आता जिम बंद आणि माझं जेवणही बंद, असं मी मनाशी धरून चाललो.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "उचलताना श्वास सोडायचा असतो. मी घाईत उलटं सांगितलं. महिनाभर तुम्ही सगळे तसंच करताय?"

वेल्डरनं आपला दंड चाचपून पाहिला. तिनं कॅसेट काढून पर्समध्ये टाकली. "उद्यापासून शाळेआधी अर्धा तास मी येत जाईन. आणि गाण्यांचं काय भांडण आहे?"

दोन्ही पार्ट्या एकदम बोलू लागल्या. तिनं एक बोट वर केलं, खोली गप्प.

"सुरेश, उद्याचं भजन तू निवडून आणायचंस. आणि सदाशिवराव, पंजाबी गाणं तुम्ही आणायचं."

त्या संध्याकाळी त्रेसष्ट वर्षांचा तो फोरमन कॅसेटच्या दुकानात दीड तास उभा राहून भांगडा ऐकत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सुरेशनं आपल्या आजीला विचारून भजन आणलं. दुसऱ्यासाठी निवडायचं म्हटल्यावर दोघांनीही आपली अब्रू पणाला लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भजन लागलं तेव्हा सदाशिवरावांनी आवाज स्वतः कमी केला, नीट ऐकायला. म्हणाले, "पोरा, हे मी कधी ऐकलं नव्हतं."

मी कोपऱ्यात डंबेल घेऊन बघत राहिलो. लग्नाला अकरा वर्षं झाली. हाच आवाज मी रोज ऐकतो आणि रोज पेपराआड लपतो. त्यात एवढं बळ आहे हे कळायला मला चौदा परकी माणसं लागली. छाती अशी भरून आली म्हणता! (सदाशिवरावांना वाटलं, मी श्वास चुकीचा घेतोय.)

आता वसुधेची बॅच मोठी झाली आहे. सात वाजता क्वार्टरमधल्या बायकाही येतात. परवा कारखान्यातला एक नवा ट्रेनी माझ्या शेजारच्या बेंचवर होता.

"अंकल, मैडम कमाल की ट्रेनर हैं," तो म्हणाला. "आप जानते हैं उनको?"

"मी त्यांचा मिस्टर," मी अभिमानानं म्हणालो.

तो चकित झाला. आधी त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग नजर खाली पोटावर आली आणि तिथंच थांबली. मग त्यानं माझ्या खांद्यावर हळूच हात ठेवला.

"समझ सकता हूँ, अंकल," तो म्हणाला. "घर पे मैडम को टाइम नहीं मिलता होगा."