दोन मजल्यांच्या मधली मुलाखत

मुलाखत देण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही! टायने गळा आवळला तरी मी हसत असतो. 'तुमचा दुर्गुण कोणता?' असं विचारलं की 'मी कामात फार बुडून जातो' हे लाजत सांगतो. आणि जाताना खुर्ची पुन्हा टेबलाखाली सरकवतो. ही शेवटची युक्ती फार कमी लोकांना ठाऊक आहे.

याच बळावर मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायला लागलो होतो. माझ्या ओळखपत्रावरच्या फोटोचा गोंदही अजून वाळला नव्हता, तेवढ्यात एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. काचेची इमारत, थंडगार ऑफिस आणि पदाच्या नावात चक्क 'वरिष्ठ' हा शब्द!

"अहो, आत्ताच तर लागलात," बायको म्हणाली. "शेजारच्या काकूंना सांगूनसुद्धा झालंय माझं."

"पुन्हा सांग. या वेळी 'वरिष्ठ' लावून सांग!"

हे ऐकल्यावर तिने माझ्या शर्टाला दोनदा इस्त्री केली.

प्रश्न होता रजेचा. आमच्या मालकीणबाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. पन्नाशी ओलांडलेली, आखूड केस, पायात जाड बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. डॉक्टर खोकला ऐकतात तशी बाई लिफ्ट ऐकतात. नुसत्या घरघरीवरून दुखणं ओळखतात! अशा बाईंशी खोटं बोलणं फार अवघड. त्या पकडतील म्हणून नव्हे. त्यांचा लगेच विश्वास बसतो म्हणून.

"बाई, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या," मी म्हणालो.

"अरे देवा! कुठल्या पायाला लागलं?"

"डाव्या... म्हणजे उजव्या."

"दोन्ही? थांबा तिथेच!"

बाई तरातरा खाली गेल्या आणि गाडीतून एक वॉकर काढून घेऊन आल्या. "माझ्या आईचा आहे. ती आता काठीवर चालते. हा घ्या आणि लगेच निघा. त्यांना एकटं वाटता कामा नये."

मला लाज वाटली. पण वेळ कमी होता, म्हणून ती पुढे ढकलली. तक्रारीचा फोन वाजत राहता कामा नये, हा बाईंचा नियम. मी टेबलावरचा फोन माझ्या मोबाईलवर वळवला. कामही चालू, मुलाखतही चालू! स्वतःच्या हुशारीवर खूश होत मी निघालो.

वॉकर घरी ठेवायला वेळ कुठे होता? काखोटीला मारून तसाच काचेच्या इमारतीत शिरलो. समोरून एक सडपातळ साहेब आले. मुलाखत तेच घेणार होते.

"अरेरे! पायाला काय झालं?" त्यांनी वॉकरकडे पाहत विचारलं.

आता काय सांगणार? सासूबाईंचा खोटा अपघात सांगायचा, की त्या खोट्याचं खरं कारण सांगायचं? मी वॉकर उघडला आणि लंगडलो.

"मी नेहमी जिन्याने जातो, व्यायाम म्हणून," साहेब म्हणाले. "पण तुमच्यासाठी आज लिफ्टने जाऊ."

लिफ्ट दोन-तीन मजले चढली, ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि मध्येच थांबली. साहेबांनी माझा दंड धरला. साहेबांना बंद जागेची भीती वाटत होती. म्हणजे तो व्यायामबियाम सगळी थापच! मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"इथे नंबर लिहिलाय," साहेब दारावरच्या स्टिकरकडे बोट दाखवत म्हणाले आणि त्यांनी लगेच तो लावला.

माझा खिसा वाजू लागला!

स्टिकर आमच्याच कंपनीचा होता. मी कोपऱ्याकडे तोंड केलं, आवाज घोगरा केला आणि म्हणालो, "नमस्कार. काळजी करू नका, आमचा माणूस निघालाय."

"कुठून निघालाय?" साहेबांनी विचारलं. मग त्यांनी फोन कानापासून दूर धरला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. "तुम्ही माझ्याशीच बोलताय का?"

"हो," मी घोगऱ्याच आवाजात म्हणालो. सवयच लागली होती.

आता बाईंना कळवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी त्यांना फोन लावला.

"बाई, काचेच्या इमारतीत लिफ्ट अडकलीय. आत दोन माणसं आहेत."

"घाबरलीत का?"

"एक घाबरलाय. दुसरा त्याहून जास्त."

"आपली सगळी पोरं कामावर आहेत, मी स्वतःच निघते. पण तुमचा आवाज असा का घुमतोय?"

"न्हाणीघरात आहे, बाई."

"म्हणजे सासूबाई अजून तिथेच पडल्यात?!"

"नाही, नाही! उचललं! आता बऱ्या आहेत!"

साहेब हे सगळं ऐकत होते. भीतीने पांढऱ्या पडलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर आता कुतूहलही उमटलं होतं.

"बरं," बाई म्हणाल्या, "त्या अडकलेल्यांना माझ्याशी जोडून द्या. मी पोचेपर्यंत बोलत राहते. अशा वेळी सोबतीला आवाज लागतो माणसाला."

मी फोन साहेबांच्या हातात दिला. इतका चटकन फोन मी आजवर कुणालाच जोडून दिलेला नाही.

आणि मग बाई बोलू लागल्या. काय सांगू तुम्हाला! त्यांनी साहेबांना आधी खाली बसायला लावलं. हवा कुठून येते ते सांगितलं, तिथे हात धरायला लावला. "लागली ना झुळूक? मग संपत नाही ती." मग घरी कोण कोण असतं, मुलगी कितवीत आहे, गणित आवडतं का, असं विचारत राहिल्या. मध्येच त्यांच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत होता. साहेबांनी माझा दंड सोडला. मग ते हसलेसुद्धा!

तेवढ्यात साहेबांचा स्वतःचा फोन वाजला. त्यांचे वरचे साहेब होते.

"लिफ्टमध्ये अडकलोय, सर."

"असं का? मग तिथूनच मीटिंगला या. कॅमेरा बंद ठेवलात तरी चालेल."

साहेबांनी तो फोन बंद करून खिशात टाकला. मग माझ्या फोनवर तळवा दाबून मला म्हणाले, "बोलणाऱ्या या बाई कोण?"

"आमच्या मालकीणबाई."

"आणि यांना सोडून तुम्ही आमच्याकडे येताय? का?"

सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे पाठ होती. याचं नव्हतं. तोंडातून "वरिष्ठ..." एवढंच निघालं.

बाई आल्या आणि वॉचमनला मदतीला घेऊन थेट गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढल्या. पुढचं काहीही आम्हाला फोनवरून सांगितल्याशिवाय घडलं नाही. "आता वीज बंद करतेय, दिवा जाईल." दिवा गेला. "आता छोटा झटका बसेल, कठड्याला धरा." झटका बसला. "आता अगदी हळूहळू खाली येताय. घाई नाही." झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं, तशी लिफ्ट अलगद उतरली! थोड्या वेळाने दाराबाहेर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला आणि दार उघडलं.

समोर बाई. दोन्ही हात ग्रीसने माखलेले. आत मी, टाय लावून, त्यांच्या आईच्या वॉकरला धरून.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"बिचाऱ्यांचा पाय दुखावलाय, तरी मुलाखतीला आले," साहेब कौतुकाने म्हणाले.

मी लंगडत बाहेर आलो. गडबडीत दुसऱ्याच पायाने लंगडलो!

बाईंनी माझ्या टायकडे पाहिलं, वॉकरकडे पाहिलं, आणि लिफ्टचं दुखणं ओळखावं तसं सगळं ओळखलं. आता माझी बिनपाण्याने होणार, या तयारीने मी डोळे मिटले.

"आमचेच आहेत हे," बाई साहेबांना म्हणाल्या. "बरं झालं, आत तुमच्या सोबतीला कुणीतरी होतं."

बस्स! त्या जिन्याकडे वळल्या. मी वॉकर उचलून मागे धावलो. लंगडायचं विसरूनच गेलो.

"बाई, मी चुकलो..."

"झाली का मुलाखत?"

"नाही. अर्धवटच राहिली."

"मग जा, पुरी करून या. काम अर्धं टाकून यायचं नाही. वॉकर तेवढा इकडे द्या."

सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं? खरं म्हणजे रागवायचं त्यांनी होतं. पण ते कामही त्या दिवशी मलाच करावं लागत होतं.

मी वर गेलो. साहेब पाणी पीत बसले होते. मी उभ्यानेच, छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, माफ करा. मला ही नोकरी नको! मी बाईंनाच धरून राहणार!"

"फार बरं झालं," साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "तुम्हाला 'नाही' कसं सांगावं, याच विचारात होतो मी."

मग त्यांनी बाईंच्या ऑफिसचा पत्ता मागून घेतला. आभार मानायचेत, म्हणाले. मीही तो भाबडेपणाने, खुणांसकट, सांगितला.

साहेब खरोखर आले. आभार मानले. चहा झाला. आमच्या पोरांची कामाची धावपळ पाहत ते बराच वेळ बसले. एवढ्या मोठ्या कंपनीतून त्या दिवशी जिन्यापर्यंत डोकवायलासुद्धा कुणी आलं नव्हतं, असं त्यांनी बाईंना सांगितलं. मग घसा साफ करून, शाळकरी मुलासारखं चाचरत विचारलं, "तुमच्याकडे एखादी जागा आहे का?"

जागा होती. माझ्या वरची!

आता बाईंच्या शेजारची केबिन त्यांची आहे. ते जिन्याने येतात, मनापासून काम करतात आणि माझं सगळं कसून तपासतात. त्यांना मी पुरता ठाऊक आहे, त्यामुळे माझी एकही युक्ती त्यांच्यापुढे चालत नाही. तरी बायको खूश आहे. ती शेजारच्या काकूंना अभिमानाने सांगते, "अहो, आमच्या ह्यांनी परवा एका मोठ्या साहेबांना नोकरी लावून दिली!"

तसं पाहिलं तर यात खोटं काहीच नाही. म्हणून मीही मान खाली घालून, शांतपणे, चहा पितो.