साठ खणांचं इंग्रजी

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी 'हा पोरखेळ पाहुण्यांना दिसायला नको' म्हणत साहेबांनी फोरमनला कपाटाच्या साठ खणांवरची साठ कार्डं खरवडून काढायला लावली.

पंपांच्या त्या कारखान्यात परदेशी पाहुणे आले की साहेब फोरमनला मागच्या गोदामात धाडायचे. "तुम्हाला इंग्रजी कुठं येतं?" बावीस वर्षं हेच. या खेपेला मात्र फोरमनने ठरवलं होतं, आपल्या मशीनबद्दल आपणच बोलायचं.

त्याची लेक शाळेत शिकवायची. तिने बापाला इंग्रजी वाक्प्रचार कार्डांवर लिहून दिले, खाली मराठी अर्थ. फोरमनने ती नट-बोल्टांच्या खणांवर जुन्या चिठ्ठ्या झाकून चिकटवली, तीही अर्थ बघून. 'पीस ऑफ केक' म्हणजे डाव्या हातचा मळ, त्यात साधे स्क्रू. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित कधीतरी, त्यात वर्षातून एकदा लागणारे मोठे वायसर. 'अंडर द वेदर' म्हणजे तब्येत बरी नसणं, त्यात सदा कुरकुरणाऱ्या मोठ्या मशीनच्या पिना. तीन महिन्यांत सगळे फिटर खणांना याच नावांनी ओळखायला लागले. जुन्या चिठ्ठ्या कार्डांबरोबरच निघून आल्या, हे साहेबांच्या गावीही नव्हतं.

पाहुणे आले. साहेब तासभर इंग्रजीत बोलले, पाहुणे माना डोलावत राहिले. मग फोरमनने मोठं मशीन सुरू केलं. मशीनने दोन आचके दिले आणि मान टाकली.

"काका, पिन तुटली!" फिटर ओरडला. "कुठला खण?"

समोर साठ कोरे खण. त्यांतले नऊ पिनांचे, आणि सगळ्या पिना जुळ्या बहिणींसारख्या.

"म्हणून सांगत होतो, गोदामात बसा!" साहेब दात-ओठ खात कुजबुजले.

फोरमनने डोळे मिटले आणि लेकीने घोटून घेतलेली नावं पहिल्या खणापासून घडाघडा म्हणायला लागला. फिटरचं बोट एकेक खण पुढे सरकू लागलं. "अंडर द वेदर!" बोट थांबलं. सदतिसावा खण. पिन बसली, मशीन गुरगुरलं, फिटरांनी टाळ्या पिटल्या. फोरमनची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं.

एवढ्यात पाहुण्यांच्या, वाटेत अडकलेल्या दुभाषी बाई धापा टाकत पोचल्या. पाहुणे त्यांच्याशी भडाभडा बोलले.

"साहेब, पाहुण्यांना इंग्रजीचा गंधही नाही," बाई म्हणाल्या. "तासभर तुम्ही काय सांगत होता, विचारताहेत. आणि न बघता खण सांगणारे हे गृहस्थ कोण? पुढचं सगळं यांच्याच तोंडून ऐकायचंय म्हणे."

संध्याकाळी लेक दारातच उभी होती. "बाबा, किती बोललात इंग्रजी?"

"एक वाक्यही नाही. दोन तास मराठीत बोललो, बाई सांगत होत्या." फोरमनने ऐटीत चपला काढल्या. "पाहुणे वहीत लिहून घेत होते."

"आणि तुमचे साहेब?"

"गोदामात. नवी कार्डं लिहीत होते. चौदा झाली, उरलेली उद्या सांगतो म्हटलं."