शेठजींच्या पाठीमागची शर्यत

"बाजारमा उभा राहीसन सायकलवालासनी पाठ काय दखनी? मी धानोराना मोडवर बठसू, एकेकनं तोंड दखसू! मंग या मन्हा दुकानवर, समदं सांगसू तुमले!"

दीपचंद शेठजींनी नंदुरबारच्या कापडबाजारात असं भर दुपारी जाहीर केलं. मुंबईचे पगारी सायकलपटू शर्यतीत सुरतेकडून येणार होते, आणि त्यांची खबर आपल्याच तोंडून गावाला कळावी, एवढीच शेठजींची हौस होती.

लगेच बैलगाडी जुंपली! शेठजींच्या बायकोने, पानीबाईंनी, पुऱ्यांचा डबा भरला. तंबू नव्हता, म्हणून शेजारच्या अजीज शिंप्याने दुकानातल्या लाल ताग्याला टाके घातले. धानोऱ्याच्या वळणावर तंबू उभा राहिल्यावर अजीज कपाळावर हात मारून म्हणाला, "शेठ, हाऊ तंबू शे का लगीनना मांडो?"

रात्र डासांनी खाल्ली. सकाळी शेठजी नेमाप्रमाणे सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसायला निघाले. दोन घटका एकाच आसनावर, तोंडावर मुहपत्तीचं फडकं, संसाराचा शब्द नाही, इकडेतिकडे नजर नाही! वेळेला वाळूचं घड्याळ.

पानीबाईंनी विचारलं, "आनी शर्यत उनी तं?"

"सायकली काय आगगाडी शेतस? दुपारलेच येतीन!" असं म्हणून मन चळू नये यासाठी शेठजी रस्त्याकडे पाठ करून बसले.

अर्धी वाळू पडली नसेल, तोच मागे घंट्या वाजल्या. एक! चार! मग नुसता कल्लोळ! शेठजींची मान ताठ झाली, कान मात्र सशासारखे मागे वळले.

"बाई, चहापाण्याचा मांडव हाच ना?" कुणीतरी विचारलं. आयोजकांनी वाटेत एक मांडव सांगितला होता म्हणे. तिथे सगळ्यांनी थांबायचं होतं. लाल मांडव, डबे, बाई... आणखी काय खूण हवी?

दाराशी आलेल्याला नाही म्हणणं पानीबाईंच्या रक्तातच नव्हतं. "बठा भाऊ, बठा! आनखी एक पुरी ल्या!"

अख्खी शर्यत शेठजींच्या पाठीशी मांडी घालून बसली! कुणी लोणचं मागत होतं, कुणी हसत होतं. कुणाची तरी सायकल तर शेठजींच्याच पाठीला टेकवलेली! शेठजी मनातल्या मनात नवकार मंत्र म्हणत घड्याळाकडे बघत होते. वाळू काही सरेना. हलवून बघावं, तर वेळ चोरल्याचं पाप! अजीज काही सांगायला पुढे आला, पण पानीबाईंनी डोळे वटारले.

शेवटी ढेकर ऐकू आले, घंट्या वाजल्या आणि शर्यत निघून गेली. धूळ तेवढी शेठजींच्या वाट्याला आली.

आता मात्र अजीजला राहवेना. त्याने घड्याळ उचलून टिचकी मारली. उरलेली वाळू भसकन खाली!

"शेठ, गाडीना धक्कासमा रेती अडकी गयी व्हई! त्या पुऱ्या खाई ऱ्हायनात तवयच तुमनं सामायिक सरी गयं!"

शेठजींना रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी दुकानापुढे ही गर्दी! "शेठ, सांगा! कशी व्हतीत तोंडं?" शेठजींनी घसा खाकरला, कापड मोजायचा गज उचलला, परत ठेवला. तेवढ्यात आतून पानीबाई आल्या. "एक उंच व्हता, गालवर तीळ. बिचाराले लोणचं भलतं आवडनं..."

गर्दी पानीबाईंकडे वळली. शेठजीही गुपचूप त्यांच्यात जाऊन बसले. या खेपेला मात्र तोंड नीट पुढे करून!